एका वर्गात चार पातळ्या : पहिली ते तिसरीत वाचन आणि हिशोब कसा बसवायचा

तिसरीचा वर्ग हातात आला की आठवडाभरातच कळतं, वर्ग कागदावर एक आहे पण मुलं चार ठिकाणी आहेत. दोन-चार जण गोष्ट घडाघडा वाचतात, बरेच जण शब्द जुळवत जुळवत वाचतात, काहींना अक्षरं येतात पण मात्रा आली की थांबतात, आणि मागच्या टाटपट्टीवरच्या काही मुलांना म आणि भ मधला फरकसुद्धा अजून कळत नाही. आपल्या हातात पुस्तक मात्र एकच, वर कोर्स संपवायचा, डाक (वरून मागितलेली माहिती) द्यायची, समग्र आयडीची (मुलांच्या सरकारी ओळख क्रमांकाची) मॅपिंग करायची. मग होतं असं की आपण मधल्या मुलांना धरून शिकवत जातो, पुढची कंटाळतात आणि मागची गप्प बसायला शिकतात. आणि हीच गप्प बसणारी मुलं पाचवीत गेली की सगळे म्हणतात, "इसको तो कुछ नहीं आता."

मी इंदूरला हिंदी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते आणि वर्गात जे रोज चालतं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण नवीन लागलेल्या मुली आणि अतिथी शिक्षक सारखं विचारतात की सुरुवात कुठून करू. सुरुवात इथून करा: शिकवायच्या आधी प्रत्येक मूल नक्की कुठे आहे ते बघा, आणि मग दिवसातला काही वेळ तरी त्याला इयत्तेप्रमाणे न शिकवता त्याच्या पातळीप्रमाणे शिकवा. बाकी सगळं यातूनच निघतं. निपुण भारत मिशन (5 जुलै 2021 ला सुरू झालं, आपल्याकडे मध्य प्रदेशात मिशन अंकुर नावाने चालतं) याचंही म्हणणं हेच की 2026-27 पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं आणि साधा हिशोब यावा. त्यात तिसरीच्या शेवटी मिनिटाला 60 शब्द, समजून, आणि 9999 पर्यंतचे आकडे असं लक्ष्य दिलंय. लक्ष्य चांगलंच आहे, पण ज्याला म वाचता येत नाही त्याला 60 शब्द वाच म्हणून काय होणार?

आधी एकेका मुलाजवळ बसा

लेखी टेस्ट घेऊ नका, त्यातून काहीही कळत नाही, कारण ज्याला वाचताच येत नाही तो शेजारच्याचं बघून उतरवतो आणि तुम्हाला वाटतं याला येतंय. एक पुठ्ठा घ्या, त्यावर चार खाने करा. पहिल्यात दहा अक्षरं, क्रम मोडून. दुसऱ्यात दहा सोपे दोन-तीन अक्षरी शब्द, साध्या मात्रांचे. तिसऱ्यात चार छोट्या वाक्यांचा उतारा, पहिलीचं मूल वाचेल असा. चौथ्यात सात-आठ वाक्यांची गोष्ट, दुसरीच्या पातळीची. ही पद्धत माझी नाहीये, प्रथम संस्था 1995 पासून मुलांसोबत काम करतेय आणि मुलांना वाचन-हिशोब कितपत येतो ते बघणारा त्यांचा असर सर्व्हे 2005 पासून गावोगावी साधारण अशाच कार्डाने होतो.

मुलाला आधी उतारा द्यायचा. वाक्यासारखं वाचत असेल आणि तीनपेक्षा जास्त चुका नसतील तर गोष्ट द्या. उतारा नाही जमला तर शब्दांवर या, कुठलेही पाच निवडू द्या, चार बरोबर आले तर शब्दांची पातळी. तेही नाही तर अक्षरं, तिथेही पाचातली चार. त्याहून कमी असेल तर मूल अगदी सुरुवातीला आहे. गोष्ट वाचणाऱ्याला दोन प्रश्न नक्की विचारा, कारण काही मुलं सुंदर वाचतात आणि काय वाचलं ते मात्र सांगता येत नाही.

बसताना मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा, व्हरांड्यात वगैरे, बाकी मुलांपासून जरा लांब. चुकलं तर काही बोलू नका आणि बरोबर आलं तरी लगेच शाबास म्हणू नका, कारण मूल कार्डाकडे बघायचं सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं आणि मग अंदाजाने बोलतं. एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात, रोज आठ-दहा मुलं झाली तरी आठवड्यात वर्ग होतो.

हिशोबाचंही असंच. 1 ते 9 आकडे ओळखतो का, 10 ते 99 ओळखतो का, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी. यासोबत एक तोंडी प्रश्न जरूर घाला: बीस की नोट दी, बारह का सामान लिया, कितने वापस? आपल्याकडे कितीतरी मुलांचे आईवडील ठेला लावतात, भाजी विकतात, ती मुलं हा हिशोब क्षणात सांगतात आणि तीच वजाबाकी कॉपीत (वहीत) मांडली की चुकतात. हे दोन्ही वेगवेगळं लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

एक साधी वही करा, प्रत्येक मुलाला एक पान. तारीख, वाचनाची पातळी, हिशोबाची पातळी, आणि एक ओळ जे डोळ्यांना दिसलं ते, म्हणजे "ब आणि व मधे गोंधळ", "डोळे बारीक करून बघतो", "हळू बोलते पण सगळं येतं". भिंतीवर नावांचा चार्ट लावून कोण कुठल्या पातळीवर ते दाखवू नका. मला हे मुळीच पटत नाही, मुलाला सात वर्षाचं असताना आपण मागे आहोत हे भिंतीवर वाचायला लावणं.

गट

वाचनाचे तीन किंवा फार तर चार गट करा: अक्षरांचा, शब्दांचा, वाचणाऱ्यांचा. सुरुवातीची मुलं अक्षरांच्या गटातच बसतील. हिशोबाचे गट वेगळे, कारण वाचनात मागे असलेलं मूल हिशोबात पुढे असू शकतं आणि त्याला दिवसातून एकदा तरी पुढच्या गटात बसायला मिळालं पाहिजे. नावं मुलांनाच ठेवू द्या. आमच्याकडे नद्यांची असतात, नर्मदा, शिप्रा, चंबल, आणि दर वेळी गट बदलले की नावंही बदलतात, म्हणजे कुठलंच नाव कायमचं "कमजोर" ठरत नाही. पहिली-दुसरी-तिसरी तुमच्याकडे एकत्र असेल तर या पद्धतीत उलट सोपं जातं, तिन्ही वर्गांची मुलं मिसळून गट करा.

वेळ सकाळचाच घ्या, प्रार्थना आणि हजेरीनंतरचा दीड तास. आधी वीस मिनिटं सगळा वर्ग एकत्र, मग चाळीस मिनिटं वाचनाचे गट, मग अर्धा तास हिशोब. पाठ्यपुस्तक दुपारी. कोर्स मागे पडेल ही भीती सगळ्यांनाच वाटते, मी एवढंच सांगते की मुलांना वाचता यायला लागलं की दिवाळीनंतर पुस्तक आपोआप भराभर पुढे जातं.

पहिली वीस मिनिटं मी कशासाठीही सोडत नाही. त्यात एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची, चित्रं सगळ्यांना दिसतील अशी धरून, आवाज बदलून, मधे थांबून "अब क्या होगा?" विचारत. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी 1920 मधे बालमंदिर सुरू केलं तेव्हापासून ते शिक्षकांना हेच सांगत राहिले की गोष्टीने वर्ग बांधला जातो, आणि आपल्या ताराबाई मोडकांनी त्यांच्याबरोबर काम करून तेच मराठीत आणलं. ज्याला अक्षर येत नाही तोही गोष्ट ऐकताना सगळ्यांच्या बरोबरीने असतो, हे त्याच्यासाठी फार मोठं आहे.

अक्षरांचा गट

अ अनार का पासून ज्ञ पर्यंत ओळीने जाऊ नका. महिनोन् महिने जातात आणि मुलाला एकही शब्द वाचल्याचा आनंद मिळत नाही. थोडी अशी अक्षरं निवडा ज्यातून लगेच शब्द होतात. मी न, म, क, ल घेते आणि त्यांच्यासोबत आ ची मात्रा. एवढ्यातच बघा: नल, कल, कान, नाक, नाम, काम, काला, कमल, माला, मकान. मग र, ब, स घातली की लाल सारख्या शब्दांना जोडून बाल, बस, रस, सामान, बाबा. यातले कान, नाक, काम, लाल, बाबा आपल्या मराठी घरातल्या मुलांना घरूनच माहीत असतात, त्यामुळे ती इथे लवकर खुलतात.

मात्रांचा क्रम: आ, मग ई, मग ए, ओ, उ, ऊ. ऱ्हस्व इ ची मात्रा मी मुद्दाम उशिरा घेते, कारण ती लिहायला डावीकडे आणि बोलायला नंतर, आणि जे मूल बोट ठेवून डावीकडून वाचतंय ते "दिन" वर बरोबर अडकतं. जोडाक्षरं शब्दांच्या गटात गेल्यावर.

रोजची पद्धत अशी. जमिनीवर खडूने अक्षरं मोठी काढा, तुम्ही अक्षर म्हणा, मुलं उडी मारतील. मग कार्ड वाटा, प्रत्येकाकडे एक अक्षर, तीन मुलं शेजारी उभी राहिली की शब्द. मग पाटीवर तोच शब्द. मग फळ्यावर त्याच शब्दांची दोन छोटी वाक्यं, "काला कान. लाल नाक." आणि ती कोणाची असतील याचं चित्र. मुलं हसतात, भांडतात की हा कुत्रा आहे का जोकर, आणि वाचलेलं डोक्यात राहतं.

आता एक अडचण जी प्रत्येक वर्गात येते. मुलाला क येतो, म येतो, ल येतो, पण समोर कमल ठेवलं की तो "क... म... ल" म्हणतो आणि तुमच्याकडे बघत बसतो, शब्द काही निघत नाही. त्याला अक्षर पुन्हा पुन्हा घोकायला लावून हे सुटत नाही. त्याचं बोट धरा, क वर ठेवा आणि न उचलता सरकवत न्या, तोंडाने सोबत ओढत म्हणा, कऽमऽल, मधे श्वास तोडायचा नाही. मग तेच जरा जोरात. मग विचारा, "क्या सुनाई दिया?" आधी दोन अक्षरी शब्दावर करा, नल, कल, बस, आणि असा शब्द घ्या ज्याची वस्तू खिडकीतून दिसतेय. नळ दिसत असताना "नऽल" म्हटलं की मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. थोडे दिवस रोज दोन-तीन मिनिटं हेच केलं की बहुतेकांचं जमतं.

शब्दांचा गट: मुलांची बोली फळ्यावर

या गटाला मी पुस्तकातला धडा देत नाही, त्यांच्याच तोंडचं वाचायला देते. इंदूरमधे रोज सकाळी कचरा गाडी येते, गाणं वाजत येते, 2017 ला स्वच्छ सर्वेक्षणात आपला पहिला नंबर आला तेव्हापासून तर लहान पोरंसुद्धा गीला-सूखा पाठ सांगतात. तर मी विचारते, आज सकाळी गाडी आली तेव्हा काय झालं? मुलं सांगतात, मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिते:

सुबह गाड़ी आई।
गाना बजा।
दादी दौड़ी।
दादी ने गीला कचरा हरे डिब्बे में डाला।
भैया बोले, इसमें पन्नी है।

पहिल्या दिवशी फक्त पट्टी फिरवत सगळ्यांनी मिळून वाचायचं, दोन-तीनदा. दुसऱ्या दिवशी मी तेच जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मार्करने लिहून आणते आणि वाक्यांच्या पट्ट्या कापते. पट्ट्या उलटसुलट करून द्यायच्या, मुलं क्रम लावतात, दादी आधी धावली का गाणं आधी वाजलं यावर वाद घालतात, आणि वाद घालायला वाचावंच लागतं. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांचे शब्द कापा आणि नवीन वाक्यं बनवायला सांगा: "दादी ने गाना डाला", "भैया दौड़ी". दौड़ी का नाही, दौड़े का, हे मुलंच एकमेकांना सांगतात, तिथे तुम्हाला व्याकरण शिकवायची गरजच पडत नाही. चौथ्या दिवशी प्रत्येकजण कॉपीत त्यातली दोन वाक्यं आणि एक स्वतःचं लिहितो, चित्र काढतो, आणि घरी जाऊन वाचून दाखवतो. पानं शिवून ठेवली की वर्षाच्या शेवटी वर्गाचं स्वतःचं जाडजूड पुस्तक होतं, आणि सगळ्यात जास्त हाताळलं जातं ते हेच.

विषय कमी पडत नाहीत. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), पोहे-जलेबी, पावसात रस्त्यावर साचलेलं पाणी, कोणाच्या घरी मांजरीला झालेली पिल्लं. मूल मालवीत बोललं, "म्हारो घर", तर तसंच लिहा, शेजारी "मेरा घर" लिहा, दोन्ही वाचा.

वाचणारी मुलं

यांना बऱ्याच वर्गात "तुम अपना पढ़ो" म्हणून सोडून दिलं जातं, आणि ती त्याच त्या पुस्तकावर बसून राहतात. यांना रोज नवीन वाचायला हवं. छोटी गोष्ट, बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर (एक्सपायरीची तारीख शोधा, वजन शोधा), पेपरातली लहान बातमी. वाचल्यावर दुसऱ्या जोडीसाठी तीन प्रश्न तयार करायचे, त्यातला एक असा ज्याचं उत्तर गोष्टीत सरळ दिलेलं नाही. हा तिसरा प्रश्न मुलांना फार आवडतो. आठवड्यातून एकदा ही मुलं अक्षरांच्या गटाला गोष्ट वाचून दाखवतात, पण त्यांना रोज तुमचे असिस्टंट बनवू नका, त्यांचाही शिकायचा वेळ आहे.

एका गटाबरोबर बसलात तर बाकीचे काय करणार

इथेच बहुतेकांची ही पद्धत मोडते, म्हणून हे नीट वाचा. तुम्ही अक्षरांच्या गटाशी बसलात आणि मागे शब्दांच्या गटात मारामारी सुरू झाली की दोन दिवसात तुम्ही पुन्हा सगळ्यांना एकत्र बसवून फळ्याकडे वळणार.

पहिलं म्हणजे एकटं करायचं काम मुलाला आधीच येत असलेलंच हवं. नवीन काम फक्त तुमच्यासमोर. जे कालपर्यंत तुमच्यासोबत केलं ते आज स्वतः, हा नियम पाळला तर अर्धा गोंधळ थांबतो, कारण मुलं दंगा बहुतेक वेळा तेव्हाच करतात जेव्हा काय करायचं ते कळलेलं नसतं.

दुसरं, प्रत्येक गटाचा एक डबा. चपलांचे खोके चालतात. अक्षरांच्या डब्यात चित्रकार्डं (ज्यांचं पहिलं अक्षर एकच आहे ती वेगळी काढा), जुना पेपर आणि स्केचपेन (आजच्या अक्षराला गोल करा), मातीचा गोळा. शब्दांच्या डब्यात वाक्यांच्या पट्ट्या, शब्द-चित्र जोड्या, पाठकोरे कागद. वाचणाऱ्यांच्या डब्यात पुस्तकं आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्या. डबे सोमवारी भरायचे, आठवडाभर तेच, रोज नवं करायला गेलात तर तुम्हीच थकाल.

तिसरं, मॅडमकडे यायच्या आधी गटातल्या दोघांना विचारायचं. फक्त लागलं-पडलं किंवा बाथरूम असेल तर सरळ यायचं. आणि काम लवकर संपलं तर काय करायचं ते भिंतीवर चित्राने लावून ठेवा, पुस्तक बघ, चित्र काढ, सोबत्याला वाचून दाखव. हे नसेल तर संपवलेली मुलं तुमच्या अवतीभवती जमतात.

आणि पहिले काही दिवस शिकवूच नका, नुसती हालचाल शिकवा: टाळी वाजली की डबा उचलायचा, जागेवर जायचं, परत टाळी वाजली की आवरायचं. वेळ वाया जातोय असं वाटतं, पण हा वेळ पुढे वर्षभर परत मिळतो. आवाज राहणारच, वाचणाऱ्या मुलांचा आवाज येतोच. त्याने घाबरू नका, पर्यवेक्षणाला कोणी आलं तर त्यांना बिनधास्त एका गटात बसवा आणि मुलाकडून वाचून घ्यायला सांगा.

हिशोब

तिसरीतली सगळ्यात कॉमन चूक ही: 52 - 27 चं उत्तर 35. मूल निष्काळजी नाहीये, त्याने 7 मधून 2 काढले आणि 5 मधून 2, म्हणजे प्रत्येक ठिकाणी मोठ्यातून लहान. त्याच्यासाठी 52 म्हणजे शेजारी लिहिलेले दोन आकडे आहेत, पाच दहा आणि दोन एक असं त्याला दिसतच नाही. अशा मुलाला "पड़ोसी से उधार लो" हा मंत्र शिकवला तर तो मंत्र म्हणेल आणि उद्या विसरेल.

काड्या आणा. आइस्क्रीमच्या, किंवा खराट्याच्या सारख्या लांबीच्या तोडून घ्या, आणि रबरबँड. दहा काड्यांचा बंडल मुलांनाच बांधू द्या, तुम्ही बांधून देऊ नका, कारण बांधतानाच दहा म्हणजे एक बंडल हे हाताला कळतं. आता 52 मांडायला सांगा: पाच बंडल, दोन सुट्या. "सत्ताईस निकालो." मूल दोन बंडल बाजूला ठेवतं, मग सात सुट्या काढायला जातं आणि हातात दोनच. इथे थांबा, काही सांगू नका. कोणी ना कोणी रबर काढतंच. बारा सुट्या झाल्या, सात गेल्या, पाच राहिल्या, बंडल उरले दोन. पंचवीस. हे काही दिवस फक्त काड्यांनी, मग काड्या आणि पाटी सोबत, मग नुसती पाटी, आणि अडलं की परत काड्या. घाईने काड्या काढून घेऊ नका.

दुसरं साहित्य म्हणजे गणितमाळ: शंभर मणी, दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या रंगाचे, असे आलटूनपालटून ओवलेले, आणि कपड्यांचा चिमटा. "34 पर चिमटी लगाओ." सुरुवातीला मूल एकेक मणी मोजतं, काही दिवसांनी तीन रंग उडवून चार मोजतं, आणि तुम्हाला न विचारताच कळतं की त्याला दशक समजलं. दोन आकड्यांमधलं अंतर, पुढे-मागे उड्या, दोन-दोनचे पाढे, सगळं यावर होतं. एक मोठी माळ भिंतीवर, मुलांच्या हाताला येईल अशी बांधा.

आकड्यांच्या नावांचं आपल्या मराठी मुलांना जास्तीचं ओझं आहे हे लक्षात ठेवा. बोलताना पच्चीस काय आणि पंचवीस काय, पाच आधी ऐकू येतात आणि लिहायचे नंतर, म्हणून 25 चं 52 होतं. त्यात घरी आजी एकोणसाठ म्हणते, शाळेत उनसठ, मोबाइलवर फिफ्टी नाइन. सुरुवातीचे महिने आकडा बोलताना सोबत "पाँच दहाई नौ" असंही म्हणा, गोंधळ पुष्कळ कमी होतो.

ज्यांचा तोंडी हिशोब पक्का आहे त्यांच्याकडून वर्गात दुकान लावून घ्या, ठेल्यावरच्या पोराला दुकानदार करा. तो सुट्टे कसे परत देतो ते सगळ्यांना दाखवू द्या, बारा पासून वर मोजत वीसपर्यंत. ही पद्धत पुस्तकातल्या पद्धतीइतकीच खरी आहे आणि त्याला ती फळ्यावर मांडायला तुम्ही मदत करा.

घरची भाषा

इंदूरमधल्या रामबाग, राजेंद्र नगर, सुदामा नगरकडच्या मराठी आया मीटिंगला हमखास विचारतात, "मॅडम, हिचं हिंदी कच्चं आहे, आता घरी मराठी बोलणं बंद करू का?" मी त्यांना स्पष्ट सांगते, "अजिबात करू नका ताई. रात्री मराठीत गोष्ट सांगा, आजीकडून ऐकू द्या, स्वयंपाक करताना गप्पा मारा. ज्याला एका भाषेत गोष्ट नीट सांगता येते त्याला दुसरी भाषा लवकर येते. आणि लिपी तर तीच आहे, हिंदी वाचता आलं की मराठी पुस्तक उघडून द्या, अर्धं आपोआप वाचेल." 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही जमेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं म्हटलंय. वर्गात मूल मराठीत किंवा निमाडीत उत्तर देऊन गेलं तर उत्तर बरोबर आहे का ते आधी बघा. मग तेच हिंदीत तुम्ही म्हणा, त्याला पुन्हा म्हणायला लावून सगळ्यांसमोर दुरुस्त करू नका.

सामान आणि पुस्तकं

कार्डशीट, स्केचपेन, मार्कर एकदम घ्यायचं तर खजुरी बाजार, बाकी बहुतेक घरातून येतं: कॅलेंडर, लग्नाच्या पत्रिका (कार्डांसाठी एकदम बेस्ट, जाड असतात), झाकणं, खोके.

वाचायला फुकट आणि चांगलं असं खूप आहे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीवर 2015 पासून आहे, हिंदी-मराठी दोन्हीत गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या, डाउनलोड करून प्रिंट काढायला पूर्ण परवानगी. एनसीईआरटीची बरखा मालिका, चार पातळ्यांच्या चाळीस छोट्या हिंदी गोष्टी, शब्दांच्या गटातून पुढे जाणाऱ्या मुलांसाठी मला याहून सोयीचं काही माहीत नाही. शाळेच्या कपाटात असण्याची शक्यता आहे, आधी तिथे बघा. सरकारच्या दीक्षा ॲपवर पुस्तकातल्या क्यूआर कोडने व्हिडिओ उघडतात, पण मुलांना दाखवायच्या आधी स्वतः पूर्ण बघा. भोपाळच्या एकलव्य संस्थेची पुस्तकं आणि 1985 पासून निघणारं चकमक मासिक शाळेत लावून घ्याच, शाळा प्रबंधन समितीच्या बैठकीत मागणी लिहून द्या. आणि अरविंद गुप्तांची वेबसाइट, हिंदी-मराठी पुस्तकं आणि कचऱ्यातून बनवायची खेळणी. 1972 ला आपल्याच होशंगाबादेत विज्ञान शिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला त्यात ते होते, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची मॉडेल्स तिथलीच. तिसरीची मुलं त्यातून त्रिकोण, चौकोन, घर बनवतात, आणि त्रिकोण दाबून हलत नाही, चौकोन मात्र वाकडा होतो हे त्यांचं त्यांनाच सापडतं. काड्यांचा गुल मात्र आधी घासून काढून टाका.

सहल न्यायची असेल तर हिवाळ्यात सिरपूर तलाव. 2022 पासून रामसर यादीत आहे, पक्षी भरपूर दिसतात. प्रत्येक जोडीला एकच पक्षी बघायला द्या, चोच कशी, पाय कसे, काय करतोय, आणि परत आल्यावर त्यावर तीन वाक्यं. ती वाक्यं पुन्हा शब्दांच्या गटाचं वाचन होतात.

परत तपासणी

दर महिना-दीड महिन्याने तेच कार्ड, शब्द आणि उतारा बदलून. ज्याची पातळी वाढली त्याला त्याच दिवशी पुढच्या गटात न्या, महिन्याच्या शेवटाची वाट बघू नका. दोन वेळा तपासूनही मूल तिथेच असेल तर आधी हजेरी बघा, कारण लग्नसराईत, सोयाबीनच्या कापणीत कितीतरी मुलं आईवडिलांसोबत गावी जातात. हजेरी ठीक असेल तर डोळे आणि कान: फळ्यापासून लांब बसवून वाचायला सांगा, मागून हळू हाक मारा. शंका आली तर आरोग्य तपासणीची टीम शाळेत येते तेव्हा त्या मुलाचं नाव स्वतः जाऊन सांगा आणि आईला बोलावून घ्या. तेही सगळं ठीक असेल तर त्या मुलाबरोबर रोज दहा मिनिटं एकट्याने बसायची सोय करा, मध्यान्ह भोजनानंतर वगैरे, आणि अक्षरांचा संच बदलून बघा, त्याच्या स्वतःच्या नावाच्या अक्षरांपासून सुरू करून.

मार्च संपताना वहीतल्या प्रत्येक पानावर शेवटची पातळी लिहा आणि एप्रिलमधे नवीन सत्र लागलं की वही पुढच्या वर्गाच्या शिक्षकांच्या हातात द्या, झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. दहा मिनिटं सोबत बसून कोणत्या मुलाला काय चालतं तेही सांगा, म्हणजे त्यांना जूनमधे पुन्हा शून्यापासून शोधत बसावं लागणार नाही.